कोपऱ्यातला पिवळा ठिपका

१

भर दुपारी, वॉर्डात सगळे टक्क जागे असताना, सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले आणि घंटा वाजली नाही.

नर्सच्या टेबलावर एक मोठा पडदा आहे. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरचे ठोके त्यावर दिसतात, आणि कुणाचे बिघडले की घंटा अशी कोकलते की दोन मजले खाली ऐकू जाते. त्या दिवशी ती मुकी राहिली. जेवणाची ताटं उचलायला आलेल्या मावशींनी आजोबांचा चेहरा पाहिला, ताटं तिथेच टाकली आणि ओरडल्या. मग डॉक्टर धावले, सगळे धावले. पण वेळ निघून गेली होती.

आजोबांच्या मुलाने त्याच संध्याकाळी तक्रार केली. कटकट नको म्हणून सिस्टरने घंटा बंद करून ठेवली आणि त्यात माझे बाबा गेले, असं त्याचं म्हणणं. हॉस्पिटलला हे ऐकून हायसं वाटलं असावं. यंत्र चुकलं म्हटलं की हॉस्पिटल अडकतं, नर्स चुकली म्हटलं की एकटी नर्स अडकते. सिस्टरना लगेच घरी बसवलं. चौकशी समितीने त्यांना दोषी ठरवलं तर परवाना जाणार होता, आणि वर खटला. सगळी नोकरी त्याच वॉर्डात काढलेली बाई ती.

मला बोलावलं ते सहीपुरतं. यंत्रं का दगा देतात हे शोधून काढणं हा माझा धंदा. लोक मला पंचनामाबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

"यंत्र ठणठणीत आहे," अधीक्षक म्हणाले. "तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

"सहीच हवी असेल तर माझ्या नावाचा शिक्का बनवून घ्या," मी म्हटलं. "मला आधी सिस्टरना भेटायचंय."

त्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला. पण नाही म्हणता येईना.

सिस्टर त्यांच्या घरी भेटल्या. डोळे सुजलेले, पण केस घट्ट बांधलेले, जणू आत्ता ड्यूटीवर बोलावतील.

"मी घंटेला हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "बंद केली की पडद्यावर लाल फुली येते. फुली नव्हती. कुणी ऐकतच नाही हो माझं."

"मी ऐकतेय. पडद्यावर काय होतं ते सांगा."

"सगळं रोजच्यासारखं. ठोके दिसत होते. मग मी दुसऱ्या खाटेवर सलाईन बदलायला गेले, तेव्हा पडद्याकडे पाठ होती." त्या थांबल्या. "तेवढा एक ठिपका पिवळा होता. खाली कोपऱ्यात बारीकसा असतो. एरवी हिरवा असतो."

"तो कशाचा?"

"देव जाणे. आम्ही समजतो, पडद्याचा दिवा आहे. कुणाचं लक्षही जात नाही. माझंही गेलं नसतं, पण सकाळी आजोबांनी विचारलं ना."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "कोणत्या आजोबांनी?"

"सात नंबरच्या," सिस्टर म्हणाल्या. "जे गेले, त्यांनीच."

२

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, अंगात त्राण नाही, आणि हा माणूस पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याची चौकशी करतो! मी सिस्टरना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"सात नंबरची खाट टेबलाच्या समोरच आहे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून त्यांची नजर पडद्यावर. मला खुणेने बोलावलं, मास्क थोडा सरकवला आणि विचारलं, 'कोपऱ्यातला ठिपका कोणत्या रंगाचा आहे?' मी बघून आले. म्हटलं, पिवळा आहे आजोबा. तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. बोलायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. मग हाताने असं केलं."

सिस्टरनी चिमटीत काहीतरी धरून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवलं.

"म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

"भिंतीवरचं पंख्याचं बटण असंच फिरवायचं आहे. मला वाटलं, वारा लागतोय. मी पंखा बंद केला, मास्क नीट बसवला आणि म्हटलं, झोपा आता. ते मान हलवत होते. मला वाटलं, भ्रम झालाय."

त्या फिरणाऱ्या चिमटीचा अर्थ मलाही तेव्हा लागला नव्हता.

हॉस्पिटलात परतले तर यंत्रांची देखभाल करणारा तंत्रज्ञ माझी वाटच बघत होता. त्याला सगळे बंदचालू म्हणतात. काहीही बिघडलं की हा गडी आधी यंत्र बंद करतो, मग चालू करतो आणि त्यानंतर विचारतो, "हं, आता बोला, काय झालं होतं?"

"मॅडम, घंटा वाजते. आजोबा गेल्यावर मी लगेच तपासली. खणखणीत वाजली."

"तपासायच्या आधी काय केलंत?"

तो जरा चाचरला. "बंद करून चालू केलं. ते तर करावंच लागतं."

"शाबास! चोर पळाल्यावर घर झाडून पुसून ठेवलंत. ठसे कुठे शोधू मी आता?"

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस प्रामाणिक होता. विचारलं ते सगळं त्याने सांगितलं. स्कॅनच्या खोलीतली डिस्क भरली होती, म्हणून महिनाभर तो तिथली चित्रं या पडद्याच्या कॉम्प्युटरवर आणून ठेवत होता. इथे जागा रग्गड होती. त्या दिवशीही सकाळपासून चित्रं येत होती.

"त्याने कॉम्प्युटरची मेमरी, म्हणजे काम करताना लागणारी जागा, कमी पडली असेल?"

"छे! मेमरी बघितल्याशिवाय मी काही करत नाही. फ्री म्हणून कमांड आहे, ती दिली की तक्ता येतो. निम्म्याहून जास्त मेमरी मिळण्यासारखी होती. माझ्या आईची शपथ."

"शपथ नको. तक्त्यातला कोणता रकाना बघता?"

"शेवटचा. नेहमी शेवटचाच बघायचा असतो."

बरोबर होतं त्याचं. म्हणूनच माझं डोकं जास्त दुखायला लागलं.

वॉर्डाचे मोठे डॉक्टर जिन्यात भेटले. मी सरळच विचारलं, "प्रत्येक खाटेपाशी छोटं यंत्र आहे, त्यालाही घंटा असते ना? ती का वाजली नाही?"

"ती मी बंद करायला लावली, आणि त्याला बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "वायर जरा हलली की बोंबलायची. पेशंटच्या डोळ्याला डोळा लागेना. टेबलावरची घंटा हुशार आहे. खरा धोका आणि हललेली वायर यातला फरक तिला कळतो. मग दोन दोन घंटा कशाला?"

"आणि हुशार घंटा झोपली तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला. "ती झोपू शकते असं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

३

आजोबांच्या घरी जाणं मला जड गेलं. मुलाने दार उघडलं आणि माझं काम कळताच उंबऱ्यातच अडवलं.

"हॉस्पिटलने पाठवलंय ना? त्या बाईला वाचवायला?"

"काय घडलं ते बघायला. ती दोषी असेल तर तेही मीच लिहीन."

"माझे बाबा तिच्या डोळ्यांसमोर तडफडले हो!" त्याचा आवाज फाटला. "पाच पावलांवर बसली होती ती. ज्याने कुणी ती घंटा गप्प केली, त्याला मी सोडणार नाही."

आतून त्याच्या आईने हाक मारली. "अरे, त्यांना आत तर घे. उभ्याउभ्या भांडू नये."

काकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या. हाताला काम हवं म्हणून तांदूळ निवडत होत्या. तांदूळ स्वच्छ होते. एक खडा निघत नव्हता, तरी बोटं फिरत होती. मी समोर बसले.

"हे बोलायचे कमी," त्या म्हणाल्या. "पण घरात काय किती उरलंय याची काळजी फार. लहानपणी फार ओढगस्त पाहिली होती ना. काही संपणार म्हटलं की जीव वरखाली."

फळीवर डबे होते. तांदळाच्या डब्यावर, आतला तांदूळ दिसावा म्हणून ठेवलेल्या काचेच्या पट्टीवर, खालच्या बाजूला रंगाचा पिवळा ठिपका होता. तेलाच्या बरणीवरही तसाच. औषधांच्या डबीवर, पाण्याच्या टाकीच्या नळीवरही. मी एकेक बघत गेले.

"हे काय, काकू?"

"ह्यांचीच खोड. साठा ठिपक्यापर्यंत उतरला की हात आखडता घ्यायचा. अगदी अडलं नाही ते थांबवायचं. प्रत्येक ठिपका कशाचा, हे मला लग्नानंतर शेजारी बसवून शिकवलंय." त्या हसल्या आणि लगेच डोळ्याला पदर लावला.

"ते काम काय करायचे?"

"कॉम्प्युटरचं काहीतरी," मुलगा दारातून म्हणाला. "कंपनी बुडाली कधीच. बाबा घरी कामाचं बोलायचे नाहीत. त्याचा इथे काय संबंध?"

माझी नजर तांदळाच्या डब्यावर होती.

४

वॉर्डातले पेशंट तोवर दुसरीकडे हलवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समितीला तिथेच बोलावलं. अधीक्षक, मोठे डॉक्टर, बंदचालू, आजोबांचा मुलगा. सिस्टरही हव्यात म्हणून मी हट्ट धरला. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुलाने त्यांच्याकडे पाठ केली.

सात नंबरच्या खाटेवर मी एक डबी ठेवली. तंत्रज्ञांकडे असते ती, खोटे ठोके देणारी. तिची वायर खाटेच्या यंत्राला जोडली. ठोके शून्यावर आणले. टेबलावरची घंटा कोकलली. सगळे दचकले.

"बघा, वाजते," अधीक्षक म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी कुणीतरी बंद केली होती."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! थांबा जरा." मी ठोके पुन्हा सुरू केले आणि बंदचालूकडे वळले. "त्या दिवशीसारखी स्कॅनची चित्रं आणायला लावा. आणि काहीही झालं तरी यंत्र बंद करायचं नाही. हात खिशात ठेवा."

त्याने खरंच खिशात घातले. आम्ही पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत बसलो. बराच वेळ काही झालं नाही. अधीक्षकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. आणि मग हिरवा ठिपका पिवळा झाला.

"हाच!" सिस्टर पुढे आल्या. "असाच होता!"

मी पुन्हा ठोके शून्यावर आणले. पडद्यावर सात नंबरची रेघ सरळ झाली. घंटा वाजली नाही. लाल फुली नाही, आवाज नाही. त्या शांततेत मुलगा हळूहळू वळला आणि सरळ रेघेकडे बघत राहिला.

"बंदचालू, आता मेमरी बघा."

त्याने कमांड दिली. "मॅडम, निम्म्याहून जास्त आहे! मी म्हटलं नव्हतं? हा प्रोग्रॅम खोटं बोलतोय."

"प्रोग्रॅम खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही. तुम्ही दोघं वेगळे आकडे वाचताय."

आदल्या रात्री मी तो प्रोग्रॅम उघडून वाचला होता, तेच त्यांना समजावून सांगितलं. प्रोग्रॅमला मेमरी किती उरली हे स्वतःला कळत नाही, कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमला विचारावं लागतं. युनिक्सच्या घराण्यातल्या या सिस्टिममध्ये त्यासाठी मेमइन्फो नावाची फाइल असते. उघडली की सिस्टिम त्या क्षणाची हालहवाल त्यात सांगते. त्यात एक आकडा अगदी रिकाम्या मेमरीचा, आणि दुसरा, मागितली तर मिळू शकेल अशा मेमरीचा. दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

"खाली ओपीडीतली बाकडी बघा," मी म्हटलं. "लोक शेजारच्या जागेवर पिशवी ठेवतात. कुणी आलं की पिशवी उचलतात. आता दारातून डोकावून ज्या जागेवर काहीच नाही तेवढीच मोजली तर वाटेल, बसायला जागाच नाही. सिस्टिमचंही तसंच. मेमरी पडून कशाला राहू द्यायची, म्हणून ती नुकत्याच हाताळलेल्या फाइलींच्या प्रती तिथे ठेवते. कुणी मागितलं की लगेच हटवते. सकाळभर स्कॅनची चित्रं आली, त्यांच्या पिशव्या सगळीकडे पसरल्या. तुम्ही शेवटच्या रकान्यात मिळण्यासारखी जागा बघितली. प्रोग्रॅमने फक्त रिकामी मोजली आणि घाबरला."

"आणि घाबरून घंटा बंद केली?" डॉक्टरांनी विचारलं.

"घंटेची हुशारी प्रत्येक खाटेचे मागचे ठोके लक्षात ठेवण्यात आहे. त्याला मेमरी लागते. तंगी दिसली की प्रोग्रॅम ते काम थांबवतो आणि पडदा तेवढा चालू ठेवतो. लिहिणाऱ्याने तेव्हा चूक केली असं मी म्हणणार नाही. खाटेपाशी दुसरी घंटा होती ना. तिच्या भरवशावर हिला विश्रांती दिली होती."

"आणि ती मी बंद केली," डॉक्टर म्हणाले.

"चित्रं मी आणली," बंदचालू पुटपुटला. "आणि बिघडलं की बंद करून चालू केलं, म्हणून इतक्या दिवसांत ठिपका कधी टिकलाच नाही."

"सिस्टरनी मात्र काहीही केलं नव्हतं," मी म्हटलं. "हे मी लिहून देणार आहे. सही माझी, शिक्का नाही."

सिस्टरनी तोंडावर हात दाबून धरला. मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"तो आकडा निवडणारा कोण? नाव सांगा त्याचं."

५

मी त्याला बाहेर नेलं. जिन्यापाशी खिडकी होती, तिथे आम्ही थांबलो. असलं काही चारचौघांत सांगायचं नसतं.

"तुमच्या बाबांनी सकाळी सिस्टरना ठिपक्याचा रंग विचारला होता," मी म्हटलं. "इथे जन्म घालवलेल्या माणसांना ठिपका कशाचा ते माहीत नाही. आल्या आल्या खाटेवरून त्यांना कसं कळलं?"

"कसं?" तो म्हणाला.

"पिवळा आहे म्हटल्यावर ते घाबरले. बोलता येईना, म्हणून हाताने बटण बंद-चालू करायची खूण केली. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर पिशव्या उडाल्या असत्या आणि घंटा जागी झाली असती. हा उपाय फक्त त्यालाच सुचेल, ज्याला आतलं माहीत आहे. आणि साठा उतरला की पिवळा ठिपका, अडलं नाही ते थांबवायचं. हे तुमच्या घरात मी प्रत्येक डब्यावर पाहिलं."

"नाही," तो म्हणाला. मग भिंतीला हात टेकला. "नाही हो, ताई."

"मी काकूंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलांचे पडदे बनवणाऱ्या कंपनीत होते. त्यांनी लिहिलं तेव्हा सिस्टिम मिळण्यासारख्या मेमरीचा आकडा देतही नव्हती. दोन-चार आकड्यांची बेरीज करून अंदाज बांधता आला असता. पण तुमचे बाबा तंगीला भिणारे. त्यांनी डोळ्यांना रिकामी दिसेल तेवढीच आपली मानली."

तो बराच वेळ रडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. मला रडणाऱ्या माणसांशी बोलता येत नाही.

"म्हणजे ते तिथे पडून बघत होते," शेवटी तो म्हणाला. "सगळं कळत होतं त्यांना."

"हो. आणि शेवटपर्यंत सांगायचा प्रयत्न करत होते."

तो आत गेला. मला वाटलं, अधीक्षकांकडे जाईल. तो सिस्टरसमोर गेला आणि हात जोडले. "मी तुम्हाला नको ते बोललो," तो म्हणाला. "चूक आमच्याच घरातली होती."

सिस्टर त्याचे हात खाली करू लागल्या. ठिपक्याची सगळी हकीकत मी सांगितली तेव्हा त्या मटकन खुर्चीत बसल्या. "ते मला यंत्र दाखवत होते," त्या म्हणाल्या, "आणि मी पंखा बंद केला."

खाटांपाशीच्या घंटा डॉक्टरांनी त्याच दिवशी स्वतः फिरून चालू केल्या. प्रोग्रॅमची ती ओळ मी बदलली. आता तो दुसरा आकडा वाचतो. पेशंट परत यायच्या आदल्या दिवशी मुलगा आईला घेऊन आला. बाबांचं काम तिला एकदा बघायचं होतं. सिस्टर ड्यूटीवर होत्या. पडद्याखाली मोठ्या अक्षरांत पट्टी लावली होती: ठिपका पिवळा झाला तर घंटा झोपली आहे, यंत्र बंद करून चालू करा.

काकूंनी पट्टी वाचली. मग कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"घरातला एकेक ठिपका मला शिकवला हो ह्यांनी," त्या म्हणाल्या. "इथे कुणालाच नाही का सांगितला?"

सांगितला असेल, पण ती माणसं कंपनीबरोबर गेली, असं मी म्हणणार होते. पण काकूंच्या कपाळावर घाम आला होता. सिस्टरनी त्यांना हाताला धरून सात नंबरच्या खाटेवर बसवलं, भिंतीपाशी गेल्या आणि पंखा लावला.